धुंडिराज गोविंद फाळके : छायाचित्रकार, लेखक आणि प्रतिमेचा विचार करणारा कलावंत

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला पुढील गोष्टी साध्य होतील.
• दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटपूर्व जीवनाचा, विशेषतः छायाचित्रण व मुद्रण या क्षेत्रांतील कार्याचा परिचय करून देता येईल.
• ‘नवयुग’ मासिकातील त्यांच्या लेखांचे आणि ‘रंगभूमी’ या नाटकाचे स्थान सांगता येईल.
• स्वदेशी प्रतिमेविषयीच्या त्यांच्या विचाराचे सामर्थ्य आणि मर्यादा स्पष्ट करता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दादासाहेब फाळके हे नाव आपल्याला परिचित आहे ते भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून. १९६९ पासून केंद्र शासनाकडून दिला जाणारा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र या एका ओळखीमुळे त्यांच्या जीवनाचा मोठा भाग झाकला गेला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यापूर्वीची वीसएक वर्षे त्यांनी छायाचित्रकार, पडदे रंगविणारा चित्रकार, जादूगार आणि मुद्रक या नात्यांनी घालविली होती. चित्रपटनिर्मिती सुरू झाल्यानंतरही आपण काय करीत आहोत आणि कशासाठी करीत आहोत, हे त्यांनी मराठीत लिहून मांडले.

प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या जीवनाकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. समाज ज्या प्रतिमा पाहतो त्या कोणी घडवाव्यात, कोणत्या साधनांनी घडवाव्यात आणि त्यांत कोणाचे जग दिसावे, हा तो प्रश्न होय. छायाचित्रणाच्या दुकानापासून बोलपटापर्यंत फाळके यांनी अनेक व्यवसाय बदलले. परंतु हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. तो प्रश्न त्यांना कोठवर नेऊ शकला आणि कोठे अपुरा पडला, हे पाहणे हा या चरित्राचा गाभा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ त्र्यंबकेश्वर ते कलाभवन

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे जाणकार शास्त्री होते. पुढे ते अध्यापनासाठी मुंबईस आले आणि कुटुंबही मुंबईत स्थिरावले. घरात पुराणे, काव्ये आणि कीर्तन-प्रवचनांचे वातावरण होते. ज्या कथा पुढे त्यांनी पडद्यावर आणल्या त्या अशा रीतीने ग्रंथांतून वाचण्यापूर्वी त्यांच्या कानावर पडल्या होत्या.

१८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर ते बडोद्यास गेले. सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे कलाभवन ही संस्था उभी राहिली होती. कला आणि कारागिरी, प्रयोगशाळा आणि कारखाना यांना एकत्र आणणारी ही संस्था होती. चित्रकला, वास्तुकला, मूर्तिकाम, छायाचित्रण आणि ठसे तयार करण्याचे तंत्र या विषयांशी फाळके यांचा संबंध तेथे आला. रत्नागिरीत, कोल्हापुरात वा पुण्यात त्या काळी मुलगा वकिली, शिक्षकी अथवा सरकारी नोकरी यांपैकी एखाद्या वाटेला लागे. शास्त्र्यांच्या घरातील मुलाने हाताने काम करण्याची विद्या शिकावी, ही त्या काळाच्या मानाने वेगळी निवड होती.

१८९० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. छायाचित्रण आणि रंगमंच या दोन गोष्टी त्यांच्या जीवनात इतक्या आधीपासून शेजारी होत्या, हे येथे लक्षात ठेवावे. तीन रंगांचे ठसे बनविण्याचे तंत्र शिकण्यासाठी ते रतलामलाही जाऊन आले.

५.२.२ छायाचित्रणाचा व्यवसाय

फाळके यांच्यापूर्वी अर्धशतक तरी मुंबईत छायाचित्रण रुजू लागले होते. मुंबईच्या छायाचित्रण मंडळाची स्थापना १८५४ मधील आहे. परंतु लहान गावांत अद्याप ते नवलाचे होते. १८९५ च्या सुमारास फाळके यांनी गुजरातमधील गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे जम बसत असतानाच १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते गोध्रा सोडून बडोद्यास परतले.

बडोद्यात व्यवसाय पुन्हा सुरू झाला, पण ग्राहक येईनात. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे आयुष्य कमी होते, अशी समजूत तेथे पसरली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट केवळ अंधश्रद्धेचा किस्सा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. माणसाची हुबेहूब प्रतिमा निर्माण होते तेव्हा त्या माणसाचे काहीतरी दुसऱ्याच्या हाती जाते, ही भीती त्या समजुतीच्या मुळाशी आहे. फाळके यांना या भीतीशी व्यवहारात झगडावे लागले. यंत्राने काढलेली प्रतिमा समाजात आपोआप रुजत नाही. तिच्याविषयी विश्वास निर्माण करावा लागतो, हे त्यांनी दुकान बंद पडताना पाहिले.

यानंतर काही काळ ते नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत होते. याच सुमारास एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले. आपल्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढील सर्व उद्योगांत त्यांचा वाटा किती मोठा होता, हे आपण ५.२.४ मध्ये पाहू.

५.२.३ पुरातत्त्व खाते आणि छापखाना

१९०३ मध्ये फाळके यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. छायाचित्रणाच्या इतिहासात या कामाचा अर्थ मोठा आहे. लेणी, मंदिरे, शिल्पे यांची छायाचित्रे घेऊन भारताच्या भूतकाळाची पद्धतशीर नोंद करण्याचे काम ब्रिटिश राजवट करीत होती. कॅमेरा धरणारा हात देशी असला तरी काय टिपायचे, त्याचे वर्गीकरण कसे करायचे आणि ती छायाचित्रे कोठे ठेवायची, हे ठरविणारी यंत्रणा परकी होती.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. महाराष्ट्रात तिचे नेतृत्व रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांकडे होते. या वातावरणात फाळके यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास ठसे व छपाईचा स्वतःचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला शिळाछापखाना या काळात जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा होऊन लोणावळ्याजवळ मळवली येथे चालत होता. त्या छापखान्यासाठी लागणारे छायाशिळाछपाईचे काम फाळके करून देत.

रविवर्म्यांच्या छापील चित्रांनी एक मोठा बदल घडविला होता. देवघरातील मूर्ती, मंदिरातील शिल्प किंवा चित्रकथीच्या पोथीतील चित्र यांच्या जागी एकाच रूपातील लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण हजारो घरांच्या भिंतींवर पोहोचले. देव कसा दिसतो याविषयीची सामान्य माणसाची कल्पना या चित्रांनी घडविली. त्या निर्मितीच्या प्रक्रियेत फाळके यांचे हात गुंतलेले होते. पुराणकथा आणि पुनरुत्पादनाचे यंत्र एकत्र आले की काय घडते, हे त्यांनी कारखान्याच्या आतून पाहिले.

पुढे हा कारखाना मुंबईस दादरला आला आणि भागीदारीत त्याचे रूपांतर लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्समध्ये झाले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. छपाईची गुणवत्ता नावाजली गेली. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. ज्ञान आपले आणि भांडवल दुसऱ्याचे, या रचनेतील पहिला मोठा तडा तो हा. अशी वेळ त्यांच्यावर पुन्हा येणार होती.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १*
अ) पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रण आणि रविवर्मा छापखान्याशी संबंधित काम यांत प्रतिमेच्या मालकीच्या दृष्टीने कोणता फरक दिसतो?
आ) बडोद्यातील छायाचित्रणाचा व्यवसाय का चालला नाही?

५.२.४ हलत्या चित्रांकडे

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी स्वतः चित्रीकरण सुरू केले. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन १९०१ मध्ये परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रीकरण सावेदादांनी केले. हे परांजपे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. रत्नागिरी जिल्ह्याच्या सुपुत्राचे स्वागत हा भारतीय वार्तापटाच्या आरंभीच्या विषयांपैकी एक ठरला. १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘पुंडलिक’ या नाट्यचित्रणाचे कर्ते दादासाहेब तोरणे हेही तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, मालवण परिसरातले. फाळके यांच्यापूर्वी आणि त्यांच्या बरोबरीने या क्षेत्रात इतर माणसेही होती, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर चालत असता त्यांच्या मनासमोर कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे लिहिले. घरी परतल्यावर त्यांनी सरस्वतीबाईंना तोच चित्रपट दाखविण्यासाठी नेले. पुढचे काही महिने जे चित्रपट मिळतील ते पाहणे, पुस्तके वाचणे आणि लहान यंत्रावर प्रयोग करणे यांत गेले. अतिश्रमाने डोळे गेल्यासारखे झाले; उपचारांनी दृष्टी परत आली.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशावर ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक नियतकालिकाच्या संपादकांची भेट झाली आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांना पाहता आला. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून ते दोनच महिन्यांत परतले. पहिला प्रयोग म्हणून त्यांनी वाटाण्याचे रोप वाढतानाचे चित्रीकरण केले. एका महिन्याची वाढ काही क्षणांत दाखविणारा तो लघुपट भांडवल मिळविण्यासाठी उपयोगी पडला. तो करताना जादूगाराची चमत्कृती आणि छायाचित्रकाराचा धीर हे दोन्ही गुण कामाला आले.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. चार रिळांच्या या चित्रपटात दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र, तर अण्णा साळुंके हे तारामती होते. तारामतीसाठी स्त्री कलावंत मिळाली नाही आणि खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके यांची निवड झाली. रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, कॅमेऱ्यात भरणे ही कामे सरस्वतीबाई शिकल्या होत्या. दिवसा चित्रीकरणात मदत, सर्व कंपनीचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मचे काम असा त्यांचा दिनक्रम होता. अंगावरचे दागिनेही त्यांनी या कामासाठी दिले. पहिल्या भारतीय चित्रपट-तंत्रज्ञांत त्यांची गणना करणे हे त्यामुळे वस्तुस्थितीला धरून आहे.

यानंतर कंपनी नाशिकला गेली. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्यास प्रारंभ झाला. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तांत्रिक कामाची प्रशंसा झाली, इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढावेत अशी सूचनाही आली. परंतु ते परत आले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, कच्च्या फिल्मची आणि पैशाची टंचाई निर्माण झाली व काम अडले. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

५.२.५ ‘नवयुग’मधील लेखन

१९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ या मासिकात भारतीय चित्रपट या विषयावर फाळके यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. मराठी गद्याच्या अभ्यासकासाठी ती महत्त्वाची आहे. मराठीत नाट्यविषयक लेखनाची परंपरा तोवर सिद्ध झाली होती. चित्रपटाविषयी त्या कलेच्या निर्मात्याने स्वतः लिहिण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

या लेखांत आत्मकथन आणि युक्तिवाद एकमेकांत गुंफलेले आहेत. ख्रिस्तपट पाहतानाचा अनुभव, निद्रानाश, कर्ज, डोळ्यांचे दुखणे, लंडनचा प्रवास हे सारे ते सांगतात. परंतु त्या प्रत्येक प्रसंगातून हा धंदा स्वदेशी असला पाहिजे आणि त्याला देशी भांडवल मिळाले पाहिजे, या निष्कर्षाकडे ते वाचकाला नेतात. चित्रकला, वास्तुकला, छायाचित्रण, नाट्य आणि जादू या विद्या आपणास अवगत असल्यामुळेच हे धाडस आपण करू शकलो, असे ते नमूद करतात. म्हणजे आधीची वीस वर्षे वाया गेली नाहीत, त्या वर्षांनीच चित्रपट शक्य केला, ही जाणीव त्यांना होती.

या लेखनातून आणि एकूण कार्यातून त्यांच्या विचाराची तीन सूत्रे आपल्याला काढता येतात. त्यांनी ती सिद्धांत म्हणून मांडलेली नाहीत. ती मांडणी आपली, अभ्यासकांची आहे.

पहिले सूत्र असे, की प्रतिमा ही कलाकृती असते तशीच ती उद्योगात निर्माण होणारी वस्तूही असते. तिच्यामागे यंत्र, रसायन, मजुरी आणि पैसा असतो. म्हणून प्रतिमा आपली हवी असेल तर उद्योग आपला हवा. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटही फाळके यांनी काढला. प्रेक्षकाला चमत्कार दाखवावा आणि चमत्कारामागील काम हेही दाखवावे, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते.

दुसरे सूत्र असे, की प्रतिमा प्रेक्षकाच्या स्मृतीवर उभी राहते. हरिश्चंद्राची, सीतेची, कृष्णाची कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे मूकपटाला थोडे शब्द पुरतात. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आज उपलब्ध असलेल्या भागात पडद्यावरील मजकूर इंग्रजी आणि हिंदी या भाषांत आहे. मराठी माणसाने काढलेला चित्रपट अशा रीतीने भाषेची सीमा ओलांडून देशभर जाऊ शकला. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्रेक्षकांना जोडणारा दुवा हा पुराणकथेचा होता.

तिसरे सूत्र असे, की तंत्र परके असले म्हणजे त्यातून येणारी प्रतिमा परकीच असली पाहिजे असे नाही. येथे चित्रपट या शब्दाकडे लक्ष द्यावे. संस्कृतात हा शब्द जुना आहे. कापडावर काढलेले चित्र असा त्याचा अर्थ होतो. चित्रे दाखवीत कथा सांगण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. कुडाळजवळील पिंगुळी येथील चित्रकथी आजही तिची साक्ष देतात. परदेशातून आलेल्या वस्तूला मराठीने जुना शब्द दिला, तेव्हा त्या वस्तूला या परंपरेशी नाते सांगता येऊ लागले. फाळके यांनी पडद्यावर जे केले त्याला समांतर अशी ही भाषेतील घटना आहे.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २*
अ) फाळके यांच्या विचाराची तीन सूत्रे प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
आ) मूकपटाच्या काळात पुराणकथा निवडण्याचा कोणता व्यावहारिक लाभ होता?

५.२.६ भांडवल, वनवास आणि ‘रंगभूमी’

देशी भांडवलाची मागणी लेखांतून करणाऱ्या फाळके यांना ते लवकरच मिळाले. चित्रपटाच्या या उद्योगात टिळकांनीही रस घेतला होता. मात्र त्या वर्तुळातील मोठ्या कंपनीची योजना साकार झाली नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या काही व्यापाऱ्यांच्या भागीदारीत नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे गाजलेले चित्रपट या कंपनीचे. दोन्हींत बालकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. ‘कालियामर्दन’च्या आरंभी मंदाकिनीच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविलेले आहेत. एक सामान्य मुलगी प्रथम प्रेक्षकासमोर येते आणि मग तिच्यातून कृष्ण साकारतो. छायाचित्रकाराची व्यक्तिचित्रणाची दृष्टी येथे ठळकपणे जाणवते.

कंपनीच्या कारभारावरून भागीदारांशी त्यांचे पटेना. निर्मितीला लागणारा वेळ आणि खर्च यांविषयी कलावंताचा हिशेब वेगळा होता, भांडवलदाराचा वेगळा. भांडवल देशी असले तरी ते भांडवलच असते, हा अनुभव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सनंतर दुसऱ्यांदा आला. कंपनी सोडून फाळके सहकुटुंब काशीला गेले.

काशीतील वास्तव्यात त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. तत्कालीन नाट्यव्यवसायातील दोषांवर टीका हा त्याचा विषय. नाटक विस्ताराने मोठे होते. १९२२ मध्ये मुंबई व पुणे येथे त्याचे प्रयोग झाले, पण त्याला अपेक्षित लोकप्रियता लाभली नाही. वाङ्मयीन गुणवत्तेच्या दृष्टीने मराठी नाटकाच्या इतिहासात त्याला मोठे स्थान दिले जात नाही. तरीही त्याचे एक महत्त्व आहे. चित्रपटाच्या व्यवहाराने दुखावलेला माणूस शब्दांकडे वळतो आणि कला व व्यवसाय यांच्या संबंधाचा प्रश्न पुन्हा मांडतो, या दृष्टीने ते चरित्राचे साधन आहे.

पुढे ते कंपनीत परतले आणि काम करीत राहिले. त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट आणि २६-२७ लघुपट सांगितले जातात. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील सिनेमाविषयक सरकारी समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. ज्या राजवटीच्या नोकरीत त्यांनी कधी छायाचित्रे काढली होती, तिच्यासमोर या धंद्याचा जाणकार म्हणून ते आता उभे होते.

५.२.७ बोलपट आणि अखेर

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि भारतीय पडदा बोलू लागला. १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी फाळके यांनी जी कथा जवळजवळ शब्दांवाचून सांगितली, तीच आता मराठी संवाद व गाणी घेऊन आली. पडद्याला भाषा मिळाली आणि प्रेक्षकवर्ग भाषेनुसार विभागला जाऊ लागला. मूकपटाचे व्याकरण ज्यांनी घडविले त्यांचे कौशल्य यामुळे जुने ठरले. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट याच संधिकाळात सापडला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर येथे तयार झालेला ‘गंगावतरण’, १९३७, हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट.

त्यानंतरची वर्षे नाशिकमध्ये तुलनेने एकाकी गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रपटांपैकी अगदी थोडे अंश आज शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ म्हणून जे उपलब्ध आहे, तेही १९१७ च्या पुनर्निर्मितीचे असावे असे काही अभ्यासक मानतात. फिल्म ही नाशवंत वस्तू आहे. तिच्या तुलनेत ‘नवयुग’चे छापील अंक अधिक टिकले. ज्याने शब्दांपेक्षा प्रतिमेवर भिस्त ठेवली, त्याच्या मनातील हेतू आज आपल्याला कळतात ते बव्हंशी त्याच्या शब्दांतून.

५.३ मूल्यमापन

फाळके यांच्या विचाराचे सामर्थ्य हे की त्यांनी संस्कृतीची चर्चा हवेत न ठेवता तिला कारखान्याच्या जमिनीवर आणले. आपली संस्कृती श्रेष्ठ आहे असे व्याख्यान देणारे त्या काळी पुष्कळ होते. तिची प्रतिमा तयार करण्यासाठी कॅमेरा कोठून आणावा, फिल्म कशी धुवावी आणि पैसे कसे उभारावेत, हे विचारणारे आणि स्वतः करून दाखविणारे थोडे होते.

परंतु मर्यादाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. कॅमेरा इंग्रजी होता आणि कच्ची फिल्म परदेशातून येत होती. त्यामुळे युद्ध सुरू होताच स्वदेशी उद्योग ठप्प झाला. तंत्र आत्मसात करणे आणि तंत्राची साधने निर्माण करणे यांत अंतर आहे. ते अंतर फाळके यांच्या हयातीत मिटले नाही. दुसरी मर्यादा विषयांची. स्वदेशी प्रतिमा म्हणजे त्यांच्यासाठी मुख्यत्वे पुराणातील प्रतिमा. समकालीन शेतकरी, कामगार, कर्ज, दुष्काळ यांना त्या पडद्यावर फारशी जागा नव्हती. १९२५ मध्ये बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढून गहाण पडलेल्या शेतकऱ्याला पडद्यावर आणले, तेव्हा स्वदेशीचा दुसरा अर्थ समोर आला. तिसरी मर्यादा श्रेयाची. सरस्वतीबाईंच्या आणि कंपनीतील अनेकांच्या श्रमांवर हा उद्योग उभा राहिला. श्रेय मात्र दीर्घकाळ एकाच नावाला मिळत राहिले. त्यातील काही दोष त्यांच्या काळाचा, काही त्यांच्यानंतर चरित्रे लिहिणाऱ्यांचा आहे.

या मर्यादांमुळे त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मागे पडत नाही. आज आपल्या प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीत कॅमेरा आहे. प्रतिमा काढणे सोपे झाले. परंतु त्या ज्या यंत्रणांतून फिरतात त्यांची मालकी कोणाची आणि त्यांत आपल्या परिसरातील कोणते जग दिसते व कोणते गाळले जाते, हे फाळके यांच्या काळाइतकेच विचारण्याजोगे आहे.

५.४ सारांश

धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी छायाचित्रण, मुद्रण आणि चित्रपट या तीन माध्यमांत काम केले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, स्वदेशीच्या काळातील छापखाना आणि ख्रिस्तपटाचा अनुभव यांतून प्रतिमेच्या मालकीविषयीचा त्यांचा विचार घडला. ‘नवयुग’मधील लेखमालेत त्यांनी तो मराठीत मांडला. भांडवलाशी दोनदा झालेला संघर्ष, ‘रंगभूमी’चे अपयश आणि बोलपटाचे आगमन यांमुळे त्यांचा उत्तरकाळ कठीण गेला. त्यांच्या विचारात साधनांचे परावलंबन आणि विषयांची मर्यादा होती. तथापि संस्कृती आणि उद्योग यांचा एकत्र विचार करण्याची वाट त्यांनी मराठीत खुली केली.

५.५ स्वाध्याय

१. फाळके यांच्या चित्रपटपूर्व व्यवसायांचा त्यांच्या चित्रपटनिर्मितीशी असलेला संबंध सविस्तर स्पष्ट करा.
२. ‘नवयुग’मधील लेखमालेचे मराठी गद्याच्या दृष्टीने महत्त्व सांगा.
३. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) यांच्या संदर्भात पडद्यावरील भाषेच्या स्थानात झालेला बदल विशद करा.
४. टीपा लिहा : अ) सरस्वतीबाई फाळके यांचे कार्य आ) चित्रपट हा शब्द आणि चित्रकथी परंपरा.
५. उपक्रम : आपल्या घरातील अथवा गावातील सर्वांत जुने छायाचित्र मिळवा. ते कोणी, कोठे व कशासाठी काढले, त्यात कोण आहे आणि कोण नाही, याची घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन दोन पानांची नोंद तयार करा.